घातांक असलेल्या बैजिक राशींना सरळ रूप कसे द्यावे

महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात घातांकांची ओळख सातवीत होते, आठवीत अपूर्णांकी घातांक येतात, आणि त्यानंतर बहुपदी असोत, करणी असोत की पुढे जाऊन लॉगरिदम असो, घातांकांचे नियम विद्यार्थ्याला येतात असे गृहीत धरूनच सगळे शिकवले जाते. त्यामुळे या एका प्रकरणात राहिलेला कच्चेपणा पुढे अनेक वर्षे नडतो. हा विषय प्रथमच शिकणाऱ्यांसाठी, तसेच शाळा सुटून बराच काळ लोटल्यावर स्पर्धा परीक्षेसाठी किंवा मुलांचा अभ्यास घेण्यासाठी तो पुन्हा हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. माझे ठाम मत असे आहे की घातांकांचे नियम पाठ करण्याआधी मोजायला शिकावे, कारण घातांक ही मुळात एक मोजणी आहे आणि प्रत्येक नियम त्या मोजणीतूनच निघतो.

पडद्यावर वाचणे सोपे जावे म्हणून येथे घातांक ^ या चिन्हानंतर लिहिला आहे. अ^५ असे जेथे दिसेल तेथे वहीत अ लिहून त्याच्या उजव्या खांद्यावर लहान ५ लिहावा. अशा प्रकारे वर लिहिण्याची आजची पद्धत रने देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथापासून रूढ झाली. अ^५ यात अ हा पाया आणि ५ हा घातांक असून त्याचा अर्थ अ × अ × अ × अ × अ असा होतो, म्हणजे पाच वेळा लिहिलेल्या अ चा गुणाकार. नुसता अ लिहिला असेल तर त्याचा घातांक १ असतो, शून्य नव्हे. ही बाब लहान वाटली तरी अनेक उत्तरे नेमकी येथे चुकतात.

‘सरळ रूप द्या’ असे जेव्हा विचारले जाते तेव्हा काय अपेक्षित असते, हेही आधीच समजून घ्यावे. उत्तरातील प्रत्येक पदात एक पाया एकदाच आलेला असावा, घाताचा घात शिल्लक नसावा, घातांक धन असावेत, सहगुणकांचा, म्हणजे अक्षरांच्या आधी लिहिलेल्या संख्यांचा, अपूर्णांक संक्षिप्त केलेला असावा आणि सजातीय पदे, म्हणजे अक्षरे व त्यांचे घातांक तेच असलेली पदे, एकत्र केलेली असावीत. राशी या अवस्थेला पोहोचली की काम संपले.

पहिली पायरी: घातांक नेमका कोणाचा आहे ते पाहा

लेखणी उचलण्यापूर्वी राशी नीट वाचावी. घातांक फक्त त्याला लगेच चिकटलेल्या पायाचा असतो. कंस असेल तर तो संपूर्ण कंसाचा होतो. २क्ष^३ यात घन केवळ क्ष चा आहे, २ चा नाही, म्हणून ही राशी २ × क्ष × क्ष × क्ष एवढीच आहे. याउलट (२क्ष)^३ म्हणजे २क्ष × २क्ष × २क्ष, म्हणजेच ८क्ष^३. क्ष च्या जागी ३ घातल्यास पहिलीची किंमत ५४ येते आणि दुसरीची २१६.

ऋण चिन्हाचेही तसेच आहे. (−३)^४ म्हणजे चार वेळा −३ घेऊन केलेला गुणाकार, म्हणून उत्तर ८१. परंतु −३^४ म्हणजे ३ चा चौथा घात काढून मग त्याला दिलेले ऋण चिन्ह, म्हणून उत्तर −८१. ऋण पायाचा घातांक सम असेल तर उत्तर धन आणि विषम असेल तर उत्तर ऋण, हे ऋण चिन्हांच्या जोड्या मोजल्या की कळते. संगणकावर पडताळा घेणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे, कारण प्रचलित स्प्रेडशीटमध्ये −३^२ हे सूत्र कंसाशिवाय टाइप केल्यास ९ मिळतात, तर गणिताच्या संकेतानुसार त्याची किंमत −९ आहे. शंका असेल तेथे कंस घालणे केव्हाही चांगले.

दुसरी पायरी: समान पायांचा गुणाकार आणि भागाकार

क्ष^३ × क्ष^४ ही राशी पूर्ण लिहून काढली तर क्ष प्रथम तीन वेळा आणि मग चार वेळा, असा एकूण सात वेळा येतो. म्हणून उत्तर क्ष^७. हीच गोष्ट अ^म × अ^न = अ^(म+न) या सूत्रात सांगितलेली असते. घातांकांची बेरीज होते ती एवढ्यासाठी की आपण एकूण किती वेळा ते मोजत आहोत. पाया मात्र बदलत नाही. २^३ × २^४ याचे उत्तर २^७ आहे, ४^७ नव्हे. सहगुणकांचा मात्र नेहमीप्रमाणे गुणाकार होतो, म्हणून ५क्ष^३ × २क्ष^४ = १०क्ष^७. सहगुणक गुणायचे आणि घातांक मिळवायचे, अशी दोन वेगळी कामे एकाच ओळीत होत असल्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो. तो टाळण्यासाठी सुरुवातीचे काही दिवस आधी सगळे सहगुणक शेजारीशेजारी लिहावेत, मग सगळे क्ष आणि मग सगळे य, आणि त्यानंतरच क्रिया करावी.

भागाकारात अंश आणि छेद यांतील समान अवयव कटतात. क्ष^७ ÷ क्ष^४ यात छेदातील चार क्ष अंशातील चार क्ष ना काटतात आणि वर तीन उरतात, म्हणून क्ष^३. सूत्ररूपाने अ^म ÷ अ^न = अ^(म−न), मात्र अ शून्य नसावा, कारण शून्याने भागता येत नाही.

शून्य आणि ऋण घातांक या वजाबाकीतूनच येतात. क्ष^४ ÷ क्ष^४ याची किंमत १ आहे हे उघड आहे, आणि नियमाने तीच राशी क्ष^० होते; म्हणून क्ष^० = १, क्ष शून्य नसताना. तसेच क्ष^३ ÷ क्ष^५ यात वरचे तिन्ही क्ष कटून खाली दोन उरतात, म्हणजे १/क्ष^२, आणि नियमाने तेच क्ष^(−२) आहे. हे पटत नसेल तर ३ चे घात उतरत्या क्रमाने लिहून पाहावेत: ३^३ = २७, ३^२ = ९, ३^१ = ३. प्रत्येक पायरीला घातांक एकाने कमी होतो आणि किंमत तिनाने भागली जाते. हाच क्रम पुढे चालू ठेवला की ३^० = १, ३^(−१) = १/३ आणि ३^(−२) = १/९ या किमती आपोआप येतात. घातांक ऋण आहे म्हणून किंमत ऋण होत नाही, हेही या यादीत स्वच्छ दिसते. ऋण घातांक फक्त गुणाकार व्यस्त दाखवतो, म्हणजे १ ला त्या संख्येने भागून येणारी संख्या.

विज्ञानातील मोठ्या संख्या याच दोन नियमांवर चालतात. सूर्य आणि पृथ्वी यांतील सरासरी अंतर सुमारे १.५ × १०^११ मीटर आहे आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ × १०^८ मीटर. प्रकाशाला लागणारा वेळ काढण्यासाठी सहगुणकांचा भागाकार ०.५ आणि दहाच्या घातांचा भागाकार १०^३, म्हणजे ०.५ × १०^३ = ५०० सेकंद. ही साधारण ८ मिनिटे २० सेकंद झाली. दहा शून्ये लिहीत बसण्याची गरज पडली नाही.

तिसरी पायरी: कंसावरचा घातांक आत न्या

(क्ष^३)^४ म्हणजे क्ष^३ हा चार वेळा घेऊन केलेला गुणाकार. प्रत्येक वेळी तीन क्ष, असे चार वेळा, म्हणून एकूण बारा: क्ष^१२. येथे घातांकांचा गुणाकार होतो. हा नियम आणि आधीचा बेरजेचा नियम यांत सर्वाधिक घोटाळा होत असल्यामुळे क्ष^३ × क्ष^४ आणि (क्ष^३)^४ या दोन राशी एकाखाली एक लिहून त्यांतील फरक स्वतः मोजून पाहावा. आपल्याकडील जुन्या बीजगणितात हा फरक घातांच्या नावांतच राखलेला होता: पाचव्या घाताला वर्गघनघात म्हणत, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार, २ + ३, आणि सहाव्या घाताला घनवर्ग म्हणत, म्हणजे घनाचा वर्ग, ३ × २.

कंसात गुणाकार किंवा भागाकार असेल तर बाहेरचा घातांक आतल्या प्रत्येक अवयवाला मिळतो, सहगुणकालासुद्धा. (३क्ष^२य)^३ = २७क्ष^६य^३. येथे य चा न लिहिलेला घातांक १ आहे, म्हणून बाहेर येताना तो ३ झाला. (अ/ब)^म = अ^म/ब^म, आणि घातांक ऋण असेल तर अपूर्णांक उलटा करून घातांक धन करावा: (२/३)^(−२) = (३/२)^२ = ९/४.

कंसाशिवाय एकावर एक घातांक रचलेले असतील तर वरून खाली यावे. २^३^२ असे लिहिले असता त्याचा संकेताप्रमाणे अर्थ २^९ म्हणजे ५१२ होतो, तर (२^३)^२ ही संख्या ६४ आहे.

चौथी पायरी: पाया वेगळा दिसला तर तो फोडून पाहा

वरचे नियम समान पायांनाच लागू पडतात, परंतु वेगळे दिसणारे पाये पुष्कळदा एकाच संख्येचे घात असतात. ४^३ × ८^२ यात ४ = २^२ आणि ८ = २^३ असे लिहिले की ही राशी २^६ × २^६ = २^१२ होते. म्हणून संख्यात्मक पाया दिसला की प्रथम त्याचे मूळ अवयव पाडावेत. ६^४ हे २^४ × ३^४ आहे आणि १२^२ हे २^४ × ३^२ आहे. पाये वेगळे पण घातांक समान असतील तर उलट दिशेने जाता येते: २^५ × ५^५ = १०^५. पाये वेगळे, घातांकही वेगळे आणि समान अवयव एकही नाही, असे असेल तर तेथे करण्यासारखे काही नसते. क्ष^३य^२ हे आधीच सरळ रूपात आहे.

बेरीज आणि वजाबाकी: येथे हात आखडता घ्या

या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. घातांकांचे सगळे नियम गुणाकाराच्या मोजणीतून आलेले आहेत, म्हणून बेरीज किंवा वजाबाकी यांच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. क्ष^३ + क्ष^४ याचे क्ष^७ होत नाही; क्ष च्या जागी ३ घातल्यास एकीकडे २७ + ८१ = १०८ आणि दुसरीकडे २१८७ येतात. बेरीज होते ती फक्त सजातीय पदांची, म्हणजे ज्यांत चल (क्ष, य यांसारखी अक्षरे) तेच आहेत आणि प्रत्येकाचा घातांकही तोच आहे अशा पदांची. ३क्ष^२य + ५क्ष^२य = ८क्ष^२य, कारण तीन आणि पाच मिळून आठ वेळा तीच वस्तू झाली; घातांकाला यात हात लागत नाही. परंतु ३क्ष^२य + ५क्षय^२ ही पदे सजातीय नाहीत आणि ती तशीच ठेवावी लागतात.

कंसात बेरीज असेल तर बाहेरचा घातांक पदांना वाटून देता येत नाही. (३ + ४)^२ = ४९ आहे, ३^२ + ४^२ = २५ आहे. (अ + ब)^२ चा विस्तार अ^२ + २अब + ब^२ असाच करावा लागतो. ऋण घातांक आला की हीच चूक जरा वेश बदलून येते. (क्ष^(−१) + य^(−१))^(−१) ही राशी पाहून क्ष + य असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो, पण आधी कंस सोडवला पाहिजे: १/क्ष + १/य = (क्ष + य)/क्षय, आणि त्याचा गुणाकार व्यस्त क्षय/(क्ष + य). क्ष = ३ आणि य = ६ घेतल्यास १/३ + १/६ = १/२ आणि त्याचा व्यस्त २; आपले उत्तरही १८/९ = २ देते, तर मोहाचे उत्तर ९ देते.

अपूर्णांकातील काटाकाटीलाही हे बंधन आहे. (क्ष^५ + क्ष^२)/क्ष^२ यात वरचा क्ष^२ आणि खालचा क्ष^२ एकमेकांना काटून क्ष^५ उरला असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. अवयव कटतात, पदे कटत नाहीत. अंशातून क्ष^२ सामाईक काढला तर तो क्ष^२(क्ष^३ + १) होतो आणि मग काटाकाट करून क्ष^३ + १ हे उत्तर येते.

सामाईक अवयव काढण्याची ही युक्ती परीक्षेतील अनेक अवघड दिसणाऱ्या उदाहरणांची किल्ली आहे. (३^(न+२) − ३^न)/(३^(न+१) + ३^न) हे उदाहरण घेऊ. बेरजेचा नियम उलट वाचला तर ३^(न+२) म्हणजे ३^न × ९ आणि ३^(न+१) म्हणजे ३^न × ३. अंशातून ३^न सामाईक काढल्यावर ३^न(९ − १) = ८ × ३^न, आणि छेदातून ३^न(३ + १) = ४ × ३^न. ३^न कटतो आणि उत्तर २ येते, न काहीही असला तरी. न = १ घेऊन पाहिल्यास (२७ − ३)/(९ + ३) = २४/१२ = २.

सर्व पायऱ्या एकत्र

आता एक मोठे उदाहरण सावकाश सोडवू:

(२क्ष^३य^(−२))^३ × (३क्षय^४)^२ ÷ (६क्ष^(−१)य)^२

येथे क्ष आणि य शून्य नाहीत असे धरले आहे. राशीत केवळ गुणाकार आणि भागाकार आहे, कोठेही अधिक किंवा वजा चिन्हाने जोडलेली पदे नाहीत, हे प्रथम पाहून घ्यावे, कारण त्यामुळेच सगळे नियम निर्धास्त वापरता येतात. घातांकातील वजा चिन्हे ही वेगळी बाब आहे.

आधी तिन्ही कंस सोडवू. पहिल्या कंसात २ चा घन ८, क्ष चा घातांक ३ × ३ = ९ आणि य चा −२ × ३ = −६, म्हणून ८क्ष^९य^(−६). दुसऱ्यात ३ चा वर्ग ९, क्ष चा घातांक २ आणि य चा ८, म्हणून ९क्ष^२य^८. तिसऱ्यात ६ चा वर्ग ३६, क्ष चा घातांक −२ आणि य चा २, म्हणून ३६क्ष^(−२)य^२.

मग गुणाकार. सहगुणक ८ × ९ = ७२, क्ष चा घातांक ९ + २ = ११, य चा −६ + ८ = २. राशी झाली ७२क्ष^११य^२ ÷ ३६क्ष^(−२)य^२. आता भागाकार. ७२ ÷ ३६ = २. क्ष चा घातांक ११ − (−२), आणि येथे कंस लिहिणे टाळू नये, कारण ११ − २ = ९ ही चूक याच जागी होते; खरे उत्तर ११ + २ = १३. य चा घातांक २ − २ = ०, म्हणजे य^० = १. अंतिम उत्तर २क्ष^१३. य चे उत्तरात नसणे ही चूक नाही. क्ष ची किंमत स्थिर ठेवून य कितीही बदलला तरी मूळ राशीची किंमत बदलत नाही, असा त्याचा अर्थ.

ऋण घातांक आधी धन करून घ्यावेत की शेवटी, असा प्रश्न विचारला जातो. दोन्ही रीती बरोबर आहेत. माझ्या मते नवख्याने ते शेवटपर्यंत तसेच ठेवावेत, कारण मध्येच अवयव वर-खाली हलवताना सहगुणकही चुकून हलतो. ५क्ष^(−२) म्हणजे ५/क्ष^२. ५ जागचा हलत नाही, कारण ऋण घातांक त्याचा नाही.

अपूर्णांकी घातांक

घातांक अपूर्णांक असला की मोजणीची कल्पना अडखळते, कारण ‘अर्ध्या वेळा गुणणे’ याला अर्थ नाही. येथे आधीचे नियम टिकावेत एवढीच अट घालायची. क्ष^(१/२) × क्ष^(१/२) याचे उत्तर बेरजेच्या नियमाने क्ष^१ यायला हवे, म्हणून क्ष^(१/२) हे क्ष चे वर्गमूळ. त्याच रीतीने क्ष^(१/३) हे घनमूळ, आणि क्ष^(म/न) म्हणजे क्ष चे न वे मूळ काढून त्याचा म वा घात. या भागात पाया धन आहे असे समजावे. आकडेमोडीत मूळ आधी काढणे सोयीचे: ८^(२/३) साठी ८ चे घनमूळ २ आणि त्याचा वर्ग ४, १६^(३/४) साठी चौथे मूळ २ आणि त्याचा घन ८, २७^(−२/३) साठी घनमूळ ३, वर्ग ९ आणि ऋण घातांकामुळे १/९. चलांच्या बाबतीत कृती पूर्वीचीच: (१६क्ष^८)^(३/४) = ८क्ष^६.

उत्तराचा पडताळा

परीक्षेतही वेळ काढून करावी अशी ही कृती आहे: चलांना सोप्या संख्या देऊन मूळ राशी आणि उत्तर यांच्या किमती जुळतात का ते पाहावे. संख्या मात्र विचाराने निवडावी. ० घेतल्यास छेद शून्य होण्याचा धोका असतो. १ चा कोणताही घात १ च असल्यामुळे घातांकातली चूक त्याने कधीच सापडत नाही. २ सुद्धा पूर्ण भरवशाचा नाही: क्ष + क्ष = क्ष^२ या चुकीच्या उत्तरात २ घातल्यास दोन्हीकडे ४ येतात, पण ३ घातला की ६ आणि ९ येऊन चूक उघडी पडते. दोन चल असतील तर त्यांना वेगवेगळ्या संख्या द्याव्यात.

वरच्या मोठ्या उदाहरणात क्ष = ३ आणि य = २ घेऊ. पहिल्या कंसात २ × २७ ÷ ४ = २७/२ आणि त्याचा घन ३^९/२^३. दुसऱ्या कंसात ३ × ३ × १६ = १४४ आणि त्याचा वर्ग ३^४ × २^८. दोहोंचा गुणाकार ३^१३ × २^५. तिसऱ्या कंसात ६ × (१/३) × २ = ४ आणि त्याचा वर्ग २^४. भागाकार केल्यावर २ × ३^१३ उरते, आणि २क्ष^१३ मध्ये क्ष = ३ घातल्यावरही तेच येते. किमती जुळल्या नाहीत तर संपूर्ण उदाहरण पुन्हा करण्याआधी एकेक ओळ याच संख्यांनी तपासावी. ज्या ओळीपासून किंमत बदलते, चूक त्याच ओळीत असते.